सैन्याचं आधुनिकीकरण आणि संगणक: घड्याळ, बॅटरी, अपडेट वगैरे

आडवा_छेद (धागाकर्ता)

सैन्याच्या आधुनिकीकरणाचा विषय निघाला की चर्चा लगेच ड्रोन आणि रोबोंवर जाऊन बसते. कुणाकडे किती, कुणाचं लांब उडतं, उद्या यंत्रंच लढणार का, वगैरे. हा धागा त्याच्या एक मजला खालचा आहे. रणांगणावर माहिती कुठून कुठे जाते, त्यात संगणक नेमकं काय करतो आणि कुठे दगा देतो, यावर बोलू.

मुळात संगणक सैन्यात शिरला तो तोफांमुळे. तोफ डागायची तर अंतर, वारा, हवेची घनता, दारूचं तापमान असा सगळा हिशोब लागतो. ऐन वेळी तो कोण करत बसणार? म्हणून आधीच करून ठेवलेली कोष्टकं तोफेसोबत द्यायची पद्धत होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ही कोष्टकं करायला बायकांचे ताफे टेबलावरची गणकयंत्रं घेऊन बसवले होते. एका गोळ्याचा मिनिटभराचा मार्ग काढायला एका माणसाचे साधारण २० तास जायचे, आणि एका कोष्टकाला असे हजारो मार्ग लागायचे. तोफा तयार आणि कोष्टकं नाहीत अशी अवस्था झाली. हे तुंबलेलं काम उपसायला अमेरिकी सैन्याच्या पैशातून एनिॲक हा इलेक्ट्रॉनिक संगणक बांधला गेला. तोच मार्ग तो अर्ध्या मिनिटात काढायचा, म्हणजे गोळा जमिनीवर पडायच्या आत! पण फेब्रुवारी १९४६ मध्ये तो जगासमोर आला तेव्हा युद्ध संपलं होतं. त्याला पहिलं मोठं काम मिळालं ते हायड्रोजन बॉम्बच्या गणिताचं.

नंतर १९५० च्या दशकाच्या शेवटी 'सेज' आलं. सोव्हिएत बॉम्बर येताहेत का हे बघायला अमेरिकेने रडार टेलिफोनच्या तारांनी संगणकांना जोडले. एकेक संगणक शेकडो टनांचा, त्यात हजारो निर्वात नळ्या. पडद्यावरच्या ठिपक्यावर प्रकाशाची बंदूक टेकवून 'हे विमान कोण' असं ऑपरेटर विचारायचा. यंत्रणा पुरी उभी राहीपर्यंत धोका बॉम्बरकडून क्षेपणास्त्रांकडे सरकला होता, तो भाग वेगळा. पण दूरचं रडार, मधला संगणक आणि निर्णय घेणारा माणूस एका तारेवर आणायची कल्पना तिथून रुजली. आयबीएमने तोच अनुभव पुढे विमान तिकिटांच्या आरक्षणाला वापरला.

आता तोफेचा हिशोब टॅबलेटवर होतो. २०१४ नंतर युक्रेनच्या तोफखान्याने स्वयंसेवकांनी लिहिलेलं 'क्रोपिवा' हे ॲप वापरायला घेतलं. नकाशावर लक्ष्य टिपलं की तोफेचा कोन आणि दिशा समोर येते. 'डेल्टा' ही त्यांची दुसरी प्रणाली ड्रोन, उपग्रह, जमिनीवरची टेहळणी यांच्याकडून आलेली माहिती एकाच नकाशावर मांडते. तोफ जुनीच, गोळाही जुनाच. एकाला शत्रू दिसतो, दुसऱ्याला कळतं, तिसरा ठरवतो, चौथा डागतो. या चौघांमधला वेळ तेवढा आटला. आणि समोरची गाडी जागा सोडून जायच्या आत गोळा पोचला तरच त्याचा उपयोग.

माझं म्हणणं पुढचं आहे. वेळ वाचवणारा हा डोलारा ज्या गोष्टींवर उभा आहे त्या फार किरकोळ दिसतात: घड्याळ, बॅटरी, सॉफ्टवेअरचं अपडेट, कुठल्या खोक्यात काय आहे याची नोंद. खरेदीच्या बातम्यांत यांचं नाव नसतं. आधुनिकीकरणाचा कस तिथे लागतो आणि भलीभली सैन्यं तिथेच मार खातात. उदाहरणं आहेत, पण आधी तुमचं येऊ द्या.

---

निवांत

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

तिरपी_मात्रा

चांगला विषय. एक शंका. चार स्वयंसेवक टॅबलेटवर ॲप लिहून तोफखाना चालवतात, मग मोठ्या सैन्यांना त्याच कामाला दशकं आणि अब्जावधी डॉलर का लागतात? नुसती सरकारी दिरंगाई म्हणून सोडून देऊ नका, जरा इस्कटून सांगा.

---

आडवा_छेद

दिरंगाई आहेच, पण मूळ दुखणं सगळं एकदम करायच्या हौसेत आहे. अमेरिकी सैन्याने 'फ्यूचर कॉम्बॅट सिस्टिम्स' नावाचा घाट घातला होता. रणगाडे, रोबो, ड्रोन, सैनिक, सगळे एकाच जाळ्यात आणि सगळे नव्याने बनवायचे. प्रत्येक तुकडा दुसऱ्यावर अवलंबून, दुसरा अजून कागदावर. २००९ मध्ये गुंडाळला. तसाच दुसरा घाट म्हणजे सगळ्या जुन्या रेडिओंशी बोलू शकेल असा सॉफ्टवेअरवर चालणारा एकच रेडिओ. १९९७ मध्ये सुरुवात झाली, आणि गाड्यांत बसवायचा सेट २०११ मध्ये रद्द झाला. १४ वर्षांत बाहेरच्या जगात मोबाइल कुठल्या कुठे गेला होता.

रणगाडा ४० वर्षं चालतो, त्यातला संगणक पाच वर्षांत जुना होतो, आणि खरेदीचे नियम मात्र दोघांना एकच. क्रोपिवावाल्यांना हा प्रश्नच नव्हता. काल तोफखान्यातल्या माणसाने फोन करून सांगितलं की हे बटण चुकीच्या जागी आहे, तर आज ते बदलायचं.

उलट टोकाचं उदाहरण हवं तर अमेरिकेच्या अण्वस्त्र दलांच्या संदेशयंत्रणेत ८ इंची फ्लॉपी २०१९ पर्यंत चालू होत्या.

---

खवचट_खंडू

८ इंची फ्लॉपीला व्हायरस लावायचा तर आधी तो व्हायरस म्युझियममधून आणावा लागेल. याहून भक्कम सायबर सुरक्षा दाखवा. 😀

---

बिनतारी

धागाकर्त्यांनी घड्याळाचं नाव घेतलं म्हणून लिहायला बसलो. सैन्याच्या दळणवळण शाखेत आयुष्य गेलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे आताच्या संचांबद्दल नाही, त्यामागच्या तत्त्वाबद्दल लिहितो.

शत्रूने ऐकू नये आणि दाबू नये म्हणून लष्करी रेडिओ एकाच वारंवारतेवर थांबत नाही, सतत उड्या मारतो. अमेरिकेचा सिंकगार्स सेकंदाला १११ उड्या मारतो. उड्यांचा क्रम गुप्त किल्लीतून (संचात भरलेल्या सांकेतिक आकड्यातून) निघतो आणि दोन्ही संचांनी एकाच क्षणी एकच उडी मारायची असते. म्हणजे दोघांकडे किल्ली एक हवी आणि घड्याळं जुळलेली हवीत. नाटोचं लिंक-१६ डेटा जाळं सेकंदाचे १२८ तुकडे पाडतं, प्रत्येक विमानाला आणि जहाजाला आपापले तुकडे ठरवून दिलेले. तिथेही घड्याळ चुकलं की तुम्ही दुसऱ्याच्या पाळीत तोंड घालणार. जीपीएसकडे लोक रस्ता दाखवणारं यंत्र म्हणून बघतात. सिग्नलवाल्याला ते आधी घड्याळ म्हणून लागतं.

हे पुस्तकात सोपं वाटतं. प्रत्यक्षात काय व्हायचं ते सांगतो. थंडीच्या रात्री एखाद्या चौकीचा संच गप्प व्हायचा. अँटेना धड, बॅटरी नुकतीच बदललेली, पलीकडचा पोरगा गळा ताणून बोलतोय, आणि इकडे हँडसेट कानाला लावला की नुसती खरखर. पोरगं बॅटरी बदलताना गारठलेल्या बोटांनी चाचपडत बसलेलं असायचं. संच तेवढा वेळ विजेविना राहिला की आतलं घड्याळ आणि किल्ली दोन्ही विसरायचा. मग पुन्हा भरायचं. भरायचं यंत्र मुख्यालयात, म्हणजे कुणीतरी अंधारातून ते छातीशी धरून चौकीपर्यंत चालत जाणार. तोवर त्या चौकीवर जगातला सगळ्यात आधुनिक रेडिओ आहे आणि तरी ती मुकी आहे.

आणि बॅटऱ्या! थंडीत त्यांचा जीव अर्धा होतो. पोरं त्या कोटाच्या आत घेऊन झोपायची. सैनिकाच्या अंगावर जेवढं इलेक्ट्रॉनिक चढवाल तेवढ्या बॅटऱ्या त्याच्या पाठीवर चढतात, आणि पाठ तर एकच असते.

---

मुक्ता_वाचते

बिनतारी काका, असं लिहीत जा हो. मोठ्या लेखांत हे कुठेच सापडत नाही.

---

गणितमास्तर

घड्याळाचाच विषय आहे तर धहरानचं प्रकरण इथे यायलाच हवं. आमच्यासारख्यांना संख्यालेखन शिकवायला यापेक्षा दारुण उदाहरण नाही.

आखाती युद्ध, २५ फेब्रुवारी १९९१. सौदी अरेबियात धहरानला अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर इराकचं स्कड क्षेपणास्त्र पडलं. २८ ठार. त्यांतले १३ जण पाणी शुद्ध करणाऱ्या तुकडीतले होते. स्कड पाडायला बसवलेली पेट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेची बॅटरी (इथे बॅटरी म्हणजे रडार, संगणक आणि क्षेपणास्त्रं यांचा संच) चालू होती, पण तिने क्षेपणास्त्र सोडलंच नाही.

कारण असं. पेट्रियटचा संगणक वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजायचा आणि सेकंद काढायला त्या आकड्याला ०.१ ने गुणायचा. आपल्याला ०.१ साधा वाटतो, पण द्विमान पद्धतीत तो कधीच पुरा लिहून होत नाही, जसा आपल्याकडे १/३. यंत्रात जागा २४ बिटांची, पुढचं कापलं. चूक किती? प्रत्येक ठोक्याला सेकंदाच्या साधारण एक कोटीव्या भागाइतकी. यंत्र चालू केल्यापासून ती साठत जाते. त्या दिवशी ती बॅटरी सलग सुमारे १०० तास चालू होती आणि चूक ०.३४ सेकंदावर पोचली होती. स्कड सेकंदाला १६७६ मीटर जातं. गुणाकार करा: अर्ध्या किलोमीटरहून जास्त.

रडारला स्कड आधी दिसलं होतं. ते पुढच्या क्षणी आकाशात कुठे असेल त्याची चौकट संगणकाने आखली, चौकट भलतीकडे पडली, तिच्यात काही सापडलं नाही, म्हणून आधीचं दिसणं भास समजून सोडून दिलं.

यातला एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही. दोन वेळांची वजाबाकी करायची असेल आणि दोन्ही सारख्याच चुकलेल्या असतील तर चूक आपोआप कटते. पण कुणीतरी सॉफ्टवेअर सुधारताना वेळ काढायची जास्त अचूक पद्धत काही ठिकाणी घातली आणि काही ठिकाणी जुनीच राहिली. त्यामुळे चूक कटेनाशी झाली. अर्धवट सुधारणा कधीकधी काहीच न सुधारण्यापेक्षा महागात पडते ती अशी.

---

मुक्ता_वाचते

पण इतकं साधं होतं तर यंत्र मधूनमधून बंद करून पुन्हा चालू केलं असतं तरी भागलं असतं ना? कुणाला माहीतच नव्हतं का?

---

खवचट_खंडू

'बंद करून चालू करून बघितलं का?' हा प्रश्न मी ऑफिसात रोज विचारतो, पण यापुढे जरा आदराने विचारेन.

---

गणितमास्तर

मुक्ताताई, माहीत होतं. खरी गोष्ट तिथेच आहे. इस्रायलकडेही पेट्रियट होत्या. त्यांनी स्वतःच्या नोंदी तपासून ११ फेब्रुवारीलाच कळवलं होतं की यंत्र आठ तास चालू राहिलं तरी चौकट सरकलेली दिसते. १६ तारखेला दुरुस्त सॉफ्टवेअर निघालं. २१ तारखेला सगळ्या बॅटऱ्यांना निरोप गेला की यंत्र फार वेळ सलग चालवलं तर चौकट सरकू शकते. 'फार वेळ' म्हणजे किती, ते त्यात लिहिलं नव्हतं. यंत्र पुन्हा चालू करायला मिनिट-दोन मिनिटांचं काम, पण किती तासांनी करायचं हे रडारपुढे बसलेल्या पोराला कुणी सांगितलं नाही. दुरुस्त सॉफ्टवेअर धहरानला पोचलं २६ तारखेला. म्हणजे दुसऱ्या दिवशी.

मूळ पेट्रियटची आखणी युरोपात सोव्हिएत विमानं पाडायला झाली होती. आज इथे, काही तासांनी तिथे असं हलतं राहायचं हे गृहीत होतं. एका जागी चार-चार दिवस सलग चालवणं कुणाच्या मनातही नव्हतं.

---

आडवा_छेद

मास्तर, धन्यवाद. नेमकं हेच मी मांडणार होतो, तुम्ही फार नीट मांडलंत. 'अपडेट रणांगणावर किती दिवसांत पोचतं' हा आकडा मी कुठल्याही सैन्याच्या जाहिरातीत पाहिलेला नाही.

बॅटरीचं माझ्याकडे उदाहरण आहे. ५ डिसेंबर २००१, अफगाणिस्तान, कंदाहारच्या उत्तरेला. अमेरिकी पथकातला माणूस हातातल्या जीपीएस संचावर लक्ष्याची जागा काढत होता. जागा निघाली, तेवढ्यात बॅटरी संपत आली, त्याने नवी घातली. तो संच पुन्हा सुरू झाला की पडद्यावर लक्ष्याची नाही, स्वतःची जागा दाखवायचा. घाईत तेच आकडे वर बी-५२ विमानाला गेले. २००० पौंडी बॉम्ब सांगितलेल्या जागी अचूक पडला. तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांच्यासोबतचे अफगाण लढवय्ये मेले. पुढे अफगाणिस्तानचे अध्यक्ष झालेले हमीद करझाई तिथेच होते, त्यांना किरकोळ जखम झाली.

बॉम्ब चुकला नाही, उपग्रह चुकले नाहीत. सुरू झाल्यावर पडद्यावर आधी काय दाखवायचं हे ज्याने ठरवलं त्याने त्या आकड्यांवर बॉम्ब पडणार असेल असा विचार केला नव्हता.

---

भालदार

तुम्ही सगळे मिळून जरा एकतर्फी चाललात. अपघात लक्षात राहतात, टळलेले अपघात कुणी मोजत नाही. नकाशा आणि होकायंत्रावर चालणाऱ्या तुकड्या आपल्याच तोफांखाली किती वेळा सापडल्या, याचा इतिहास पहिल्या महायुद्धापासून भरलेला आहे.

त्याच १९९१ च्या युद्धातली दुसरी बाजू बघा. वाळवंटात खूण म्हणून एक झाड नाही, आणि त्यातून अमेरिकी फौजा पश्चिमेकडून वळसा घालून इराकी सैन्याच्या बगलेवर गेल्या. ते जीपीएसमुळे जमलं. लष्करी संच पुरेनात म्हणून बाजारातले नागरी संच आणून वाटले. तेव्हा नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असायची. आपलीच माणसं ते संच वापरताहेत म्हटल्यावर ती भेसळ युद्धापुरती थांबवली. कायमची बंद झाली मे २००० मध्ये.

त्याच युद्धात लढाईत मेलेल्या अमेरिकींपैकी जवळपास पाव जण आपल्याच गोळ्यांनी मेले. म्हणून पुढे प्रत्येक गाडीची जागा सगळ्यांच्या पडद्यावर दाखवणारा 'ब्लू फोर्स ट्रॅकर' आला, २००३ मध्ये इराकात तो सर्रास होता. आपला माणूस कुठे आहे हे कळणं ही माझ्या मते शत्रू कुठे आहे हे कळण्याहून मोठी सुधारणा आहे.

आणि रसद! तिच्याबद्दल इथे कुणी बोलतच नाही, कारण तिच्यावर सिनेमे निघत नाहीत. १९९१ मध्ये आखातात सुमारे ४०,००० कंटेनर गेले. त्यांतले निम्म्याहून जास्त उघडून बघावे लागले, आत काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं म्हणून. बंदरावर कंटेनरचे डोंगर. आघाडीवरून मागणी यायची, वस्तू पोचली नाही म्हणून पुन्हा मागणी, पुन्हा कंटेनर. लहानपणी घर बदलताना आईने खोक्यांवर काही लिहिलं नव्हतं म्हणून पहिला आठवडा आम्ही एकच पातेलं वापरलं होतं, तो प्रकार सैन्याच्या आकारावर नेऊन बघा. त्यानंतर रेडिओ लहरींनी वाचता येणाऱ्या चकत्या कंटेनरना लागल्या. माझ्या लेखी सैन्यातलं सगळ्यात फायद्याचं माहिती तंत्रज्ञान हेच. लाखमोलाचं क्षेपणास्त्र आहे, पण ते कुठल्या कंटेनरात आहे हे कळत नसेल तर ते नसल्यातच जमा.

---

आडवा_छेद

भालदार, रसदीबद्दल १००% सहमत, ते मूळ लेखात यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. पण एकतर्फीपणाचा आरोप मान्य नाही. आधीचं बरं होतं असं मी कुठे म्हणतोय? चुकांची जात बदलली एवढंच म्हणतोय. पूर्वी एका माणसाने नकाशा चुकीचा वाचला तर एक तुकडी भरकटायची. आता एका ओळीतली चूक त्या जातीच्या प्रत्येक यंत्रात एकाच वेळी असते.

---

मुक्ता_वाचते

मला दुसरी बाजू विचारायची आहे. सगळं सगळ्यांना दिसायला लागल्यावर वरचे साहेब गप्प बसतील का? ड्रोनचं थेट चित्रण राजधानीत बसून बघणारा माणूस खालच्या सुभेदाराला 'त्या डावीकडच्या भिंतीमागे जा' असं सांगणारच.

हे दुखणं संगणकाच्याही आधीचं आहे. क्रिमियाच्या युद्धात १८५५ मध्ये काळ्या समुद्राखालून टेलिग्राफची तार टाकली. त्याआधी पॅरिसहून पत्र यायला दिवसचे दिवस लागायचे, तोवर सेनापती आपल्या मनाने वागायला मोकळा. तार आली आणि तिसरा नेपोलियन पॅरिसहून लढाईच्या योजना पाठवू लागला. फ्रेंच सेनापती काँरोबेर यांनी त्याच वर्षी मे महिन्यात पद सोडलं. त्यांच्या जागी आलेले पेलिसिए जास्त कोडगे निघाले. तारा येत राहिल्या, ते आपलं करत राहिले.

---

बिनतारी

ताई, कोडगेपणा हा दळणवळणाच्या अभ्यासक्रमात नसतो, पण असायला हवा. 😀

गंभीरपणे सांगायचं तर हा निव्वळ स्वभावाचा प्रश्न नाही. वरच्याने खालच्याला विचारलेला प्रत्येक प्रश्न रेडिओवरची जागा खातो. ऐन चकमकीत कंपनी कमांडर तीन ठिकाणी स्थिती कळवत बसला तर आपल्या माणसांशी कधी बोलणार? आमच्या वेळी सराव संपल्यावर मी संदेशांच्या नोंदी चाळायचो. वरून खाली गेलेले हुकूम थोडे, आणि 'आता कुठे आहात' हा प्रश्न पानंच्या पानं. गाडीची जागा आपोआप पडद्यावर दिसणं यासाठी वरदान आहे, भालदार म्हणतात ते खरं. त्या एका सोयीने रेडिओवरची निम्मी बडबड थांबते.

चित्रणाचं मात्र उलट. चित्र पाहणाऱ्याला वाटतं आपल्याला सगळं दिसतंय. ड्रोनला छप्पर दिसतं, छपराखालचं दिसत नाही. वास, आवाज, गावातली माणसं अचानक गायब झालीत हे जमिनीवरच्यालाच कळतं.

---

अक्षरजुळारी

सुरक्षेचं कुणी बोललं नाही अजून, म्हणून थोडक्यात.

२००८ मध्ये अमेरिकी सैन्याच्या बंदिस्त जाळ्यात 'एजंट बीटीझेड' नावाचा किडा (व्हायरससारखा प्रोग्राम) शिरला, साध्या पेन ड्राइव्हमधून. इंटरनेटला न जोडलेलं जाळं सुरक्षित असतं ही समजूत तिथे संपली. पेन ड्राइव्हवर बंदी आली, आणि त्यांचं सायबर कमांड उभं राहण्यामागे हे एक मोठं कारण ठरलं.

२४ फेब्रुवारी २०२२, रशियाच्या आक्रमणाच्या पहाटे, व्हायासॅट या उपग्रह इंटरनेट कंपनीच्या जाळ्यावरचे मोडेम पुसून टाकले गेले. उपग्रहाला कुणी हात लावला नाही. जमिनीवरची हजारो मोडेम निकामी केली. युक्रेनच्या सैन्याचा संपर्क हे लक्ष्य होतं, पण जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचा दूरनियंत्रणाचा संपर्कही तुटला. सैन्याने नागरी सेवा वापरली की त्या सेवेचे बाकीचे गिऱ्हाईकही आघाडीवर येतात.

आणि खिशातला फोन. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने आपल्या वापरकर्त्यांच्या धावण्याचा जागतिक नकाशा नोव्हेंबर २०१७ मध्ये टाकला. जानेवारीत एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की निर्जन वाळवंटात उजळलेले चौकोन दिसताहेत. ते सैनिक तळाच्या कुंपणाकडेने रोज धावत होते. १ जानेवारी २०२३ ला युक्रेनच्या रशियाने बळकावलेल्या भागात, माकीवका इथे रशियन सैनिकांच्या इमारतीवर रॉकेटं पडली. रशियाने स्वतः ८९ मृत्यू मान्य केले आणि कारण दिलं ते सैनिकांच्या मोबाइल वापराचं. दोष कुणाचा यावर वाद आहे (एवढी माणसं एका इमारतीत ठेवली कुणी, हा प्रश्न मला जास्त मोठा वाटतो), पण फोन बोलतो हे खरं.

---

तिरपी_मात्रा

म्हणजे जाळ्यात आलात की दिसता, आणि जाळ्याबाहेर गेलात की आंधळे. बरं, जीपीएसच दाबलं तर? एवढ्या लांबून येणारा सिग्नल दाबायला काय लागतं?

---

बिनतारी

फार काही लागत नाही. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर, जमिनीवर पोचेपर्यंत सिग्नल इतका क्षीण होतो की जवळचा लहानसा जॅमरही त्याला गिळतो. युक्रेनमध्ये एक्सकॅलिबर हे जीपीएसने नेम धरणारे तोफगोळे सुरुवातीला कमालीचे अचूक होते. रशियन जॅमिंग वाढल्यावर नेम इतका ढासळला की तोफखान्याचा त्यांच्यावरचा भरवसा उडाला. लहान ड्रोनचीही तीच गत, रेडिओ दाबला की ते पडतात. त्यावर उत्तर काय निघालं? तार! मागे केसासारखी ऑप्टिकल फायबर सोडत जाणारे ड्रोन, दहा-दहा किलोमीटर. लहरच नाही तर दाबणार काय? शेतंच्या शेतं त्या तंतूंनी झाकल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील.

रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बैदू, भारताचं नाविक, एवढे खर्च लोकांनी उगाच केलेले नाहीत. दुसऱ्याच्या घड्याळावर आपलं सैन्य चालवायला कुणालाच नको असतं.

---

निवांत

एआयबद्दल धागाकर्त्यांचं काय मत? यंत्राने लक्ष्य निवडायचं आणि माणसाने फक्त 'हो' दाबायचं असं होऊ घातलंय म्हणतात.

---

आडवा_छेद

मूळ धाग्यात मी ते मुद्दाम टाळलं होतं, कारण ते आलं की बाकीचं सगळं वाहून जातं. तरी विचारलंत म्हणून.

२०१७ मध्ये अमेरिकेने 'प्रोजेक्ट मेव्हन' सुरू केला तो ड्रोनच्या चित्रणासाठी. चित्रण इतकं साठत होतं की बघायला माणसं पुरत नव्हती. गूगलच्या कर्मचाऱ्यांनी विरोध केल्यावर २०१८ मध्ये कंपनीने करार पुढे न नेण्याचं ठरवलं, काम इतरांकडे चालू राहिलं. म्हणजे गरज खरी आहे. माहिती गोळा करणं स्वस्त झालं, बघणं महाग राहिलं.

'माणसाने हो दाबायचं' याबद्दल मात्र मी साशंक आहे. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत उपग्रह यंत्रणेने अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रं निघाल्याचं दाखवलं. ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश होता तो. पाळीवरचे अधिकारी पेत्रोव्ह यांनी तो खोटा इशारा ठरवला. त्यांच्याकडे विचार करायला थोडी मिनिटं होती आणि शंका घ्यायला एक आधार होता: खरा हल्ला कुणी पाचच क्षेपणास्त्रांनी सुरू करत नाही. आता कल्पना करा की समोर तासाला शंभर लक्ष्यं येताहेत, प्रत्येकाला काही सेकंद, आणि मागच्या नव्वद वेळा यंत्र बरोबर होतं. एक्क्याण्णवाव्या वेळी कोण थांबणार?

---

भालदार

असहमत. १९८८ मध्ये अमेरिकेच्या व्हिन्सेन्स या युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं मेली. तिथे नौकेच्या एजिस या रडार आणि शस्त्रं हाताळणाऱ्या संगणक यंत्रणेच्या नोंदीत विमान वर चढत असल्याचं बरोबर होतं. तणावाखालच्या माणसांना ते खाली झेपावताना 'दिसलं'. यंत्राचं ऐकलं असतं तर ती माणसं वाचली असती. माणूस मध्ये असला की सगळं ठीक, हे गृहीतक दोन्ही बाजूंनी तपासा.

---

आडवा_छेद

हे उदाहरण माझ्या बाजूचंही आहे. उंचीचा आकडा पडद्यावर होता, पण विमान चढतंय की उतरतंय हे सरळ दिसत नव्हतं. एकापाठोपाठचे आकडे बघून ज्याने त्याने काढायचं. चकमक चालू असताना काही मिनिटांत कोण काढणार? त्यावर वेगळा धागा काढू या, इथे विषय फुटेल.

---

तिरपी_मात्रा

नवा धागा काढाच, पॉपकॉर्न तयार आहे.

जाता जाता बिनतारी काकांना एक प्रश्न: एवढं सगळं कोलमडू शकतं तर सैन्यं मागचं शिकवणं बंद करतात का? नकाशा, होकायंत्र, तोंडी निरोप?

---

बिनतारी

बंद करतात आणि मग पुन्हा सुरू करतात. अमेरिकेच्या नौदल अकादमीने ताऱ्यांवरून जागा काढायचं शिकवणं गुंडाळलं होतं, २०१५ मध्ये पुन्हा सुरू केलं. सायबर हल्ल्याची भीती हे कारण उघड सांगितलं.

पायदळात आम्ही सरावात एक करायचो. मधल्याच कुठल्यातरी तासाला न सांगता सगळे रेडिओ बंद करायचे आणि गंमत बघायची. पहिल्या वर्षी अर्ध्या तुकड्या जागीच थांबायच्या, हुकमाची वाट बघत. मग हळूहळू शहाणे कमांडर निघायच्या आधीच सांगून ठेवू लागले की संपर्क तुटला तर अमक्या वेळेपर्यंत थांबा, मग ठरलेल्या ठिकाणी जा. निरोप घेऊन पळणारा एक पोरगाही नेमून ठेवू लागले.

---

खवचट_खंडू

त्या पोराला अपडेट लागत नाही, पण बॅटरी म्हणून चहा लागत असेल.

---

बिनतारी

चहा आणि बूट. बुटांची मागणी नोंदवलेली असायची, कंटेनर कुठे आहे ते भालदारांना विचारा.